उतारावरची माती गेली कुठे? सीझियम-१३७ चा हिशेब

पाटण किंवा शिराळा तालुक्यातल्या उताराच्या शेतातून दरवर्षी किती माती जाते, हे ओढ्याच्या गढूळ पाण्यावरून सांगता येत नाही, कारण वरच्या पट्ट्यातून सुटलेली बरीचशी माती ओढ्यापर्यंत न पोचता खालच्या बांधालाच अडते. शिवाय हेक्टरभर रानातून एक मिलिमीटरचा थर गेला, तर सुमारे १३ टन माती हलते, पण डोळ्यांना काहीच दिसत नाही.

हा हिशेब मांडण्यासाठी शास्त्रज्ञ सीझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा माग काढतात. १९५० आणि १९६० च्या दशकांत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांतून ते जगभर पसरले आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरले. १९६३ च्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. चिकणमातीचे कण त्याला इतके घट्ट धरून ठेवतात की ते पाण्यात फारसे विरघळत नाही, मातीबरोबरच जागा बदलते. आज त्याचे प्रमाण अगदी अल्प असल्याने घाबरण्याचे कारण नाही; उलट, एका नमुन्यातले गॅमा किरण मोजायला अतिशीत जर्मेनियम डिटेक्टरला कित्येक तास लागतात.

लोखंडी नळी ठोकून शेतातले नमुने काढतात आणि जवळच्या सपाट, कधीही न नांगरलेल्या जागेशी त्यांची तुलना करतात. आपल्याकडे खरी अडचण ही जागा शोधण्यातच आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे पाटणचे गायरान माणच्या शेताला माप म्हणून चालत नाही. त्यातून ज्या गायरानातून मुरूम उचलला गेला किंवा जेसीबीने सपाटीकरण झाले, ते बाद.

समजा, २० सेंटिमीटर नांगरट होणाऱ्या शेतात सीझियम ३० टक्के कमी आढळले, तर ढोबळमानाने साठ वर्षांत सहा सेंटिमीटर माती गेली, म्हणजे वर्षाला एक मिलिमीटर. बांधालगत मात्र ते नांगराच्या फाळाखालीही सापडते, याचा अर्थ तिथे वरून आलेली माती साचली आहे. उताराच्या माथ्यावरची तूट केवळ पावसाच्या माथी मारणे मला पटत नाही. उताराच्या दिशेने वर्षानुवर्षे नांगर चालवला, तर तो स्वतःच माती खाली ओढत असतो.

ही सरासरी अनेक दशकांची असते. एकाच पावसाळ्यातली धूप मोजायची, तर वैश्विक किरणांमुळे हवेत सतत तयार होणारे, ५३ दिवसांचे अर्धायुष्य (म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ) असलेले बेरिलियम-७ उपयोगी पडते, फक्त नमुने पावसानंतर लगेच घ्यावे लागतात. सीझियमचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने मूळ साठ्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे, म्हणून त्याच चाचण्यांतून आलेल्या, २४ हजार वर्षे अर्धायुष्याच्या प्लुटोनियम-२३९ कडे संशोधक वळत आहेत.