घरबसल्या सॉफ्टवेअर विकण्याची पार्श्वभूमी : प्रश्न लिहिण्याचा नव्हे, वसुलीचा

गंगापूर रोडवरील किंवा इंदिरानगरातील एखाद्या सदनिकेत बसून कोणी तरुण स्वतः लिहिलेले प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, जर्मनीतील दुकानदाराला विकतो आणि त्याचे पैसे नाशिकमधील बँक खात्यात जमा होतात, याचे आज फारसे नवल वाटत नाही. मात्र या व्यवसायाचा इतिहास बहुतेकदा संगणकाच्या आणि इंटरनेटच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते अपुरे आहे. सॉफ्टवेअर लिहिणे व ते दूरवर पोहोचवणे हे प्रश्न तुलनेने लवकर सुटले. अनोळखी ग्राहकाकडून पैसे वसूल करण्याचा प्रश्न मात्र दीर्घकाळ अडून राहिला.

सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते, ही कल्पनाच मुळात फार जुनी नाही. आयबीएमने आपल्या यंत्रांपासून सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करण्याची घोषणा १९६९ मध्ये केली, आणि १९७६ मध्ये बिल गेट्स यांना हौशी संगणकप्रेमींना उद्देशून जाहीर पत्र लिहून, प्रती काढून वाटणे ही चोरी आहे, असे सांगावे लागले. एकट्या माणसाच्या धंद्याची खरी सुरुवात त्यानंतर, शेअरवेअरमधून झाली. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ आणि जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ हे प्रोग्रॅम खुशाल वाटू दिले आणि उपयोग झाला तर पैसे पाठवा, अशी विनंती केली. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांनी ‘पीसी-राइट’ आणले. त्याची डिस्क १० डॉलरला मिळे. ७५ डॉलर भरून नोंदणी करणाऱ्याला छापील पुस्तिका आणि फोनवर मदत मिळे, शिवाय त्याच्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केली, तर त्याला २५ डॉलर दलालीही मिळत असे. ज्या प्रतींची गेट्स यांना चीड होती, त्याच प्रती येथे फुकटच्या विक्रेत्या झाल्या. आज ज्याला ‘फ्री ट्रायल’ म्हणतात, त्याची मांडणी इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्याच्या दहा-बारा वर्षे आधीच तयार होती.

शेअरवेअर भारतातही फ्लॉप्यांवरून फिरत असे, पण येथून त्याची नोंदणी करायची तर डॉलर पाठवायचे कसे, हा प्रश्न होता. येथे बसून असे सॉफ्टवेअर विकणे तर त्याहून अवघड होते. १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत आले, तरी प्रत्यक्ष संरक्षण संगणकाला जोडायच्या, ज्याविना प्रोग्रॅम चालत नसे अशा डोंगलनेच दिले. बंगळुरूची टॅली आणि पुण्याची क्विक हील ही तयार उत्पादने विक्रेत्यांच्या जाळ्यातून गावोगाव पोहोचली. नाशिकसारख्या शहरातील स्थानिक प्रोग्रॅमरचे काम मात्र निराळ्या प्रकारचे होते : पतसंस्थेची ठेव-कर्ज खाती, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची हजेरी व पगारपत्रके, बाजार समितीतील आडत्यांचे हिशेब. हे सॉफ्टवेअर मागणीनुसार बनवून दिले जाई आणि पुढे वार्षिक देखभालीचा, म्हणजे एएमसीचा करार होत असे. यात कौशल्य कमी नव्हते, पण उत्पन्न फेऱ्यांवर अवलंबून होते. पन्नासावा ग्राहक आला की पन्नासाव्या ठिकाणी जावे लागे.

१९९१ मध्ये सॉफ्टवेअर निर्यातीला चालना देणारी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची सरकारी संस्था स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यातून निर्यात वाढली, पण ती प्रामुख्याने सेवांची. नाशिकमध्येही २००५ मध्ये सुरू झालेली ईएसडीएस ही संगणक-सेवा कंपनी पुढे सातपूर येथील डेटा सेंटरमुळे ओळखली गेली. तयार उत्पादन एकट्याने विकणाऱ्याला या व्यवस्थेत जागा नव्हती, कारण धोरणे कंपनी गृहीत धरून आखलेली होती.

अमेरिकेत १९९४ पासून कागीसारख्या कंपन्या लहान लेखकांच्या वतीने कार्डाचे पैसे स्वीकारत होत्या. भारतीयांसाठी पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याच्या सेवेने हा मार्ग खुला केला, पण तोही निर्धोक राहिला नाही. २०१० च्या सुरुवातीला पेपॅलवरून भारताशी होणारे वैयक्तिक व्यवहार थांबले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा मध्यस्थांसाठी नियम केले आणि निर्यातीच्या प्रत्येक व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा घातली. मार्च २०११ पासून तर जमा झालेली रक्कम सात दिवसांत भारतीय बँकेत वळवणे सक्तीचे झाले आणि त्या शिलकीतून खरेदी करण्यास मनाई झाली. ज्याचे सर्व्हरभाडे डॉलरमध्येच जात होते, त्याला स्वतःच्या कमाईतून ते भरता येईना. मर्यादा पुढे वाढत २०१३ मध्ये १०,००० डॉलरवर गेली. चाळीस-पन्नास डॉलरचे प्लगइन विकणाऱ्याला मर्यादेपेक्षा ही अनिश्चितताच जास्त जाचक होती, असे मला वाटते.

दरम्यान, २००८ मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर आले. वसुलीची चिंता दुकानाने उचलली आणि त्यासाठी ३० टक्के घेतले. लहान विकासकांसाठी हा दर १५ टक्क्यांवर यायला २०२१ उजाडले. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या मुक्त प्रणालीच्या जगात अडचण वेगळीच होती. तेथील जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार ग्राहकाला विकत घेतलेला कोड पुढे वाटण्याचाही हक्क मिळतो, त्यामुळे लायसन्स कीच्या, म्हणजे खरेदीच्या संकेतांकाच्या, नावाखाली प्रत्यक्षात वर्षभराची अपडेट्स आणि सपोर्ट विकला जातो. म्हणजे नाशिकच्या जुन्या एएमसीचेच तत्त्व, फक्त फेऱ्या वगळून.

मासिक वर्गणीची पद्धत रुळल्यावर देशांतर्गत विक्रीही सोपी होईल, अशी अपेक्षा होती. परंतु १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या ५,००० रुपयांवरील प्रत्येक वसुलीसाठी ग्राहकाची नव्याने संमती आवश्यक ठरली, आणि अनेक जुन्या वर्गण्या खंडित झाल्या. ही मर्यादा २०२२ मध्ये १५,००० रुपये झाली. परदेशातील विक्रीत युरोपचा अडसर त्याआधीचा आहे : १ जुलै २००३ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विक्रेत्याला तेथील किरकोळ ग्राहकाला डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाच्या देशाच्या दराने व्हॅट भरावा लागतो. एकट्या विक्रेत्याला इतक्या देशांचा कर सांभाळणे शक्य नसल्याने पॅडलसारख्या कंपन्या स्वतः विक्रेता म्हणून मध्ये उभ्या राहतात, कर भरतात आणि कमिशन कापून उरलेली रक्कम पाठवतात. नाशिकच्या विकासकाच्या वहीत त्यामुळे हजार ग्राहकांऐवजी एकच परदेशी खरेदीदार दिसतो. आणि ही निर्यात जीएसटीत शून्य दराची ठरावी म्हणून त्याचा सीए बँकेकडून परकीय चलन जमा झाल्याचा दाखला मागून घेतो.