उपचार खासगी डॉक्टरांकडे असले तरी क्षयरोगाची सरकारी नोंद कशी होते?

गणपतीला गावी आलेला चाकरमानी दोन आठवडे खोकतोय, संध्याकाळी कणकण येते, वजनही उतरलंय. तालुक्याला खासगी डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतात, बेडका तपासायला पाठवतात आणि क्षयरोग निघतो. घरचे पहिली विनंती करतात, "डॉक्टर, हे कुठे कळवू नका." पण डॉक्टरांना कळवावंच लागतं. ७ मे २०१२ पासून क्षयरोगाची नोंद सक्तीची आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्रयोगशाळा आणि औषध दुकानदारांवरही ती जबाबदारी टाकली, आणि नोंद टाळणाऱ्यावर कारवाईची तरतूदही केली.

नोंद कुणाची होते? क्षयरोगाचं निदान झालेल्या प्रत्येकाची. गाठींचा किंवा हाडांचा क्षय असला तरी होते. रेशनकार्डाचा रंग, उत्पन्नाचा दाखला कुणी विचारत नाही.

अर्ज तुम्हाला लिहायचा नसतो. जिल्हा क्षयरोग कार्यालयामार्फत दवाखान्याची एकदा 'निक्षय' या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी झाली, की डॉक्टर रुग्णाची माहिती तिथे भरतात. ऑनलाइन जमत नसेल तर ठरलेल्या नमुन्यातला कागद क्षयरोग विभागाकडे देतात. नोंद झाली की निक्षय क्रमांक मिळतो. तो मागून घ्याच. माझ्या चुलत्यांचा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने लिहिला होता. आषाढात पिशवी भिजली, चिठ्ठीचा लगदा झाला. मोबाइल नंबरावरून क्रमांक शेवटी सापडला, पण आजारी माणसाच्या दोन खेपा झाल्या. तेव्हा आधी मोबाइलमध्ये फोटो काढा.

सोबत न्यायचं ते एवढंच: आधार कार्ड, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, चालू मोबाइल नंबर, तपासणीचे रिपोर्ट. पासबुक कशाला, तर निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये या हिशोबाने पैसे खात्यात येतात (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). आमच्याकडे पैसे अडकतात ते नावापायी. आधारवर सासरचं नाव आणि खात्यावर माहेरचं, असं असेल तर आधी बँकेत जाऊन ते दुरुस्त करून घ्या.

नोंद झाली म्हणून डॉक्टर बदलावे लागत नाहीत. औषधं मात्र सरकारकडून मोफत मिळू शकतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आरोग्य कर्मचारी घरी येतात ते घरातल्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करायला. वाडीत चर्चा नको असेल तर तसं त्यांना मोकळेपणाने सांगा, उपकेंद्रात भेटायची वेळ ठरवून घ्या. घरच्यांची तपासणी मात्र टाळू नका. एकाच खोलीत आजोबा आणि नातवंडं झोपतात, आणि पावसाळ्यात खिडक्याही बंद असतात.

कोकणात सगळ्यात जास्त घोळ पत्त्याचा होतो. नोंद गावच्या पत्त्यावर आणि रुग्ण पंधरा दिवसांत परत विरारला किंवा दिव्याला. साधा उपचारही सहा महिन्यांचा असतो आणि मध्येच गोळ्या सुटल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून मुंबईचा पत्ताही सांगा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना कळवा. पोर्टलवरूनच नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते, क्रमांक तोच राहतो. तिकडे नव्याने नाव घालू नका, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या की पैसेही अडकतात. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. आणि तिकडचं केंद्र गाठेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या एसटीत बसण्यापूर्वी मागून घ्या.