पिशवी कुठली? मणक्याचा दोष आणि गर्भातल्या लघवीच्या मार्गाची पार्श्वभूमी

पेठ-सुरगाण्याहून नाशिकला ॲनोमली स्कॅनसाठी, म्हणजे बाळातलं व्यंग शोधणाऱ्या सोनोग्राफीसाठी, आलेल्या बाईच्या रिपोर्टात मणक्याच्या दोषाखाली अनेकदा आणखी एक ओळ असते: दोन्ही किडन्या दिसतात, मूत्राशय भरलेला दिसतो, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आहे. घरचे त्याच ओळीला धरून बसतात. लघवीचं तरी बरं आहे म्हणायचं!

ओळ खोटी नसते. जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती मज्जानलिका साधारण २८व्या दिवशी मिटते, ती नीट मिटली नाही की मणक्याचा हा दोष राहतो; आणि कायमची किडनी पाचव्या आठवड्यात ओटीपोटात आकार घ्यायला लागते. शेजार एक, वेळही जवळपास एकच. त्यामुळे या बाळांमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची जोडकिडनी किंवा एकच किडनी इतरांपेक्षा जास्त सापडते. तरी बहुतेकांच्या किडन्या जन्मताना धडधाकट असतात. बिघाड असतो तो मूत्राशयाकडे जाणाऱ्या, कमरेच्या तळातून निघणाऱ्या नसांमध्ये. सोनोग्राफीत पिशवी भरलेली दिसते, आतला दाब दिसत नाही. शिवाय पोटात असताना रक्त साफ करायचं काम वार करते, किडनीची परीक्षा जन्मानंतरच सुरू होते.

आता हा ‘पिशवी’ शब्द. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो, मूत्राशय म्हणजे लघवीची पिशवी, आणि बाळाच्या पाठीवर मज्जारज्जू बाहेर आलेली फुगवटी, तीही पिशवीच. ‘पिशवीत प्रॉब्लेम आहे’ हे ओपीडीत घाईने म्हटलेलं वाक्य सासूबाईंच्या कानात गेलं की दोष सुनेच्या पिशवीवर येतो. एकदा मी रिपोर्टाच्या पाठीमागे तीन गोल काढून दाखवले, तेव्हा नवऱ्याने विचारलं, ‘मग ऑपरेशन कुठल्या पिशवीचं?’ प्रश्न अगदी बरोबर होता. पाठीची पिशवी शिवली म्हणून लघवीची पिशवी सुधारत नाही.

हे जगालाही उशिरा कळलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या डोक्यात अनेकदा साठणारं पाणी उतरवणारी झडपेची नळी आली, मुलं जगू लागली, आणि मग पुढे किडनी निकामी होऊन दगावू लागली. १९७२मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधून सोपा मार्ग पुढे आला: दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हाताने नळी घालून लघवी काढायची, निर्जंतुक सामानाचा बाऊ नको. कारण पिशवी ताणलेली राहणं हे जंतूंपेक्षा मोठं संकट. १९८१मध्ये आकडाही मिळाला: ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत लघवी गळत नसेल, तर वरच्या मार्गाला, म्हणजे किडन्यांना धोका.

तंटा उरला तो वेळेचा. डॉक्टरांतला एक पक्ष म्हणतो, जन्मल्यापासूनच लघवीची नळी आणि पिशवी सैल करणारं औषध सुरू करा. दुसरा म्हणतो, तपासण्या करत राहा, दाब वाढला की सुरू करा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं खोटं नाही, सगळ्याच बाळांना लगेच गरज नसते. पण त्याला दर काही महिन्यांनी सोनोग्राफी आणि दाबाची तपासणी लागते. सुरगाण्याहून एसटीने येणाऱ्या आईला ‘वाट पाहा’ म्हणणं म्हणजे कुणाच्या भरवशावर? आणि तान्ह्या बाळाला नळीची सवय लवकर लागते, चार वर्षांचं पोर लाथा झाडतं.

२०११मध्ये गर्भातच, २६ आठवड्यांच्या आत, पाठ शिवण्याच्या अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला. डोक्यातल्या नळीची गरज घटली, चालणं सुधारलं. लघवीबाबत अडीच वर्षांच्या वयात नळीची गरज फारशी कमी दिसली नाही, शाळेच्या वयात मात्र काही मुलं आपणहून लघवी करताना दिसली. बऱ्याच जणांची लघवीची नळी तरीही सुटली नाही.

फॉलिक ॲसिडने हा दोष बराच टळतो, याचा पुरावा १९९१चा, तो सगळ्यांना पाठ आहे. गर्भपाताची मुदत १९७१च्या कायद्यात २० आठवडे होती. २०२१च्या दुरुस्तीने गंभीर व्यंग असल्यास मेडिकल बोर्डाच्या मंजुरीने ती अट उठली. समुपदेशनात वेळ मिळू लागला, तसा लघवीचा प्रश्न आता जन्माआधीच विचारला जातो.

जन्मानंतर मात्र तो पुन्हा हरवतो. मी पाहिलेल्या डिस्चार्ज कार्डांवर टाके काढायची तारीख असते, डोक्याचा घेर असतो. लघवी किती तासांनी झाली, किती उरली, याला बहुतेक कार्डांवर रकानाच नव्हता.