न बोलणाऱ्या प्लगची गोष्ट

रिमोटने चालू-बंद होणारे प्लग रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी बनलेच नव्हते. दोघांची गाठ पडली ती प्लगचं कुलूप फार साधं होतं म्हणून.

घरातली उपकरणं लांबून चालवायची खटपट जुनी आहे. 1975 साली स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-10 काढलं. त्यात हुकूम घरातल्या विजेच्याच वायरीतून जायचा. पुढे युरोपात 433.92 मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त रेडिओ-प्लग आले. त्यांच्या अनेक मॉडेलांत आत दहा इवले खटके असत: पाच घराचा नंबर ठरवायला, पाच प्लगचा. पाच खटक्यांचे प्रकार होतात फक्त 32, म्हणजे शेजाऱ्याच्या रिमोटने आपला दिवा लागायची सोय कंपनीनेच करून ठेवलेली! शिवाय कोड कधी बदलत नाही, आणि प्लग ऐकतो पण उत्तर देत नाही.

29 फेब्रुवारी 2012 ला रास्पबेरी पाय बाजारात आला. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजमध्ये बनवलेला, 35 डॉलरचा, कडेला 26 पिना उघड्या ठेवलेला. हौशी मंडळींनी त्या पिनांना छोटा ट्रान्समीटर जोडला, अँटेना म्हणून सतरा सेंटिमीटर वायर लावली (433 च्या लहरीचा पाव हिस्सा साधारण तेवढाच), रिमोटचा कोड टिपून घेतला आणि तोच हवेत सोडला. प्लगला फरक कळायचं कारणच नव्हतं.

मुंबईत अडचण वेगळीच. आपल्या गोल पिना ब्रिटिशांच्या 1934 च्या बीएस 546 या मानकावरून आलेल्या. त्यांनी पुढे चौकोनी पिना घेतल्या, आपण गोलच ठेवल्या. त्यामुळे बाहेरून आणलेला प्लग भिंतीत थेट बसत नाही. मग लॅमिंग्टन रोडवरून रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा खटका) बसवलेला बोर्ड आणायचा आणि खटपट घरीच करायची. मीही केली, तीही पाण्याच्या पंपावर. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते हे ठाऊक असूनही दहा अँपिअरचा रिले लावला. त्याचे काँटॅक्ट चालू स्थितीतच चिकटले. रास्पबेरी पाय म्हणे पंप बंद, आणि टाकी जिन्यावरून वाहत तळमजल्याच्या काकूंच्या दारात. नुसतं ऐकून घेतलं नाही, पुसूनही काढलं.

2014 मध्ये ईएसपी 8266 ही वायफायची स्वस्त चिप हौशी लोकांच्या हाती आली आणि प्लगला वाचा फुटली: चालू आहे की बंद, तोच सांगू लागला. पंपावर आता तसला प्लग आहे, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार झेलणारा दणकट रिले, घालून. जुना 433 वाला अडॅप्टरमध्ये बसवून दिवाळीत कंदिलाला लावतो. लागला का ते गॅलरीतून दिसतंच.