कूस बदलली, पण मास्क तिथेच

बेडसोर म्हटलं की आपल्याला माकडहाड, कंबर आणि टाचा एवढंच आठवतं, म्हणजे माणूस बरेच दिवस पडून राहिला की अंगाखाली होणारी जखम. म्हणून तर दर दोन तासांनी कूस बदलायची, हवेची गादी आणायची, आणि ते बरोबरच आहे. पण काही जखमांचा गादीशी काहीच संबंध नसतो. त्या होतात नाकाच्या हाडावर, कानामागे, ओठाच्या कोपऱ्यात, हनुवटीखाली, आणि त्या करणारी वस्तू तीच असते जी पेशंटला वाचवायला लावलेली असते. पेशंटला डाव्या कुशीवर वळवा नाहीतर उजव्या, मास्क तोंडावर तसाच आणि पट्टा तितकाच घट्ट.

माझ्या मामींना ऑक्सिजन लावला होता तेव्हा मी हे पहिल्यांदा जवळून बघितलं. नाकात दोन छोटी टोकं, तिथून नळी दोन्ही गालांवरून कानावर जाते आणि मग हनुवटीखाली येते, हाताला इतकी मऊ लागते की हिच्याने काय होणार असंच वाटतं. चौथ्या दिवशी वेणी घालायला केस बाजूला केले तर कानाच्या वरच्या खाचेत नळीच्याच जाडीची, नळीच्याच वळणाची लालजांभळी रेघ, आणि मधे कातडी सुटून ओली झालेली. मामी काहीच बोलल्या नव्हत्या, श्वास घेतानाच एवढी दमछाक की कानाकडे लक्ष कुठून जाणार.

ही जखम ओळखायची खूण हीच, तिला वस्तूचा आकार असतो. नळी असेल तर रेघ, मास्क असेल तर नाकावर कमान, रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात त्या प्रोबची चौकोनी खूण, प्लास्टरच्या कडेचा वळ. हा प्रकार छोटा नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हॉस्पिटलमध्ये आल्यावर प्रेशरची, म्हणजे दाबामुळे होणारी, जखम झालेल्या पेशंटपैकी साधारण एक तृतीयांश लोकांची जखम कुठल्यातरी उपकरणामुळे झालेली होती. 2016 मध्ये तिथल्या या विषयातल्या राष्ट्रीय सल्लागार पॅनेलने 'प्रेशर अल्सर' ऐवजी 'प्रेशर इंज्युरी' म्हणायचं ठरवलं आणि उपकरणांमुळे होणाऱ्या जखमांची वेगळी व्याख्या दिली.

आता हे होतं कसं. पूर्वीपासून सांगितलं जातं की दाबामुळे बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही, पेशी मरतात. त्यासाठी 32 मिलिमीटर पारा एवढा दाब पुरतो असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, पण हा आकडा आला 1930 मधल्या मोजमापातून, आणि ते मोजमाप होतं नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांचं. नाकाच्या हाडावरच्या कातडीला, आजारी माणसाला, तोच आकडा कसा लागू पडेल? शिवाय रक्त थांबून पेशी मरायला काही तास लागतात, आणि प्रत्यक्षात तर नुकसान त्याच्या आधीच सुरू झालेलं असू शकतं. कारण दाब जास्त असला की पेशी नुसती उपाशी राहत नाही, ती चेपली जाते, तिच्या आतला सांगाडा मोडतो, आवरण ताणलं जाऊन गळायला लागतं, आणि हे काही मिनिटांतसुद्धा होऊ शकतं. मग शरीर तिथे सूज आणतं. एरवी सूज येते आणि जाते, पण इथे वरून कडक प्लास्टिक, खालून हाड, सुजेला पसरायला जागाच नाही, म्हणजे सूजच आतून दाब वाढवते आणि आणखी पेशी मरतात. मला तरी या सगळ्यात हाच भाग सगळ्यात वाईट वाटतो.

जागाही नेमक्या नाजूक. नाकाच्या दांड्यावर चरबी जवळजवळ नाहीच, कातडी आणि लगेच हाड. कानातल्या कूर्चेला, म्हणजे लवचिक मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या आवरणातून जे झिरपेल त्यावर ती जगते, म्हणून तिथली जखम लवकर खोल जाते. त्यात मास्कखाली घाम आणि वाफ, ओली कातडी लवकर सोलवटते. पेशंटला सलाईन चालू असतं, चेहरा सुजतो, आणि सकाळी बरोबर बसवलेला पट्टा संध्याकाळी कुणी हात न लावताही रुतायला लागतो. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं तर विचारूच नका, त्यांची कातडी अगदी पातळ, आणि श्वासासाठी नाकात लावलेल्या टोकांनी दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यालाच इजा होते.

आपल्याला रात्री झोपेत काही टोचलं तर आपण नकळत हलतो. गुंगीत ठेवलेला, तोंडात व्हेंटिलेटरची नळी असलेला माणूस हलू शकत नाही आणि सांगूही शकत नाही, त्यामुळे बघणं दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. दिवसातून निदान दोनदा उपकरणाच्या खाली बघायचं, सूज असेल तर जास्त वेळा. लाल दिसलं तर बोटाने हलकेच दाबून सोडायचं, पांढरं पडून परत लाल झालं तर तिथून रक्त फिरतंय, लाल तसंच राहिलं तर इजा सुरू झालीये. सावळ्या कातडीवर हा लालपणा नीट दिसत नाही, तिथे हाताला गरम लागतंय का, गार लागतंय का, कडक किंवा पचपचीत झालंय का, दुखतंय का हे बघावं लागतं. आणि लाल जागा चोळायची नाही, आतल्या इजेत भरच पडते.

बाकी उपाय साधेच आहेत: योग्य साइज, तोंडातली नळी ओठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवणं, प्रोब बोटं बदलून लावणं, खाली पातळ फोमचं ड्रेसिंग ठेवणं. पातळच, कारण जाड गादी कोंबली की पट्टा आणखी ताणला जातो. श्वासाच्या मास्कमधून थोडी हवा सुटली तरी बरीच मशीन ते सांभाळून घेतात, ती शून्यावर आणायला पट्टे आवळत बसायची गरज नसते. पण यातलं काहीही नातेवाइकांनी स्वतः सैल करू नये, सिस्टरना बोलवावं आणि स्पष्ट विचारावं की याच्या खाली शेवटचं कधी बघितलं, आणि हे अजून लागणार आहे का. गरज संपली की लगेच काढणं याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

मामींच्या सिस्टरनी हनुवटीखालची कडी जरा सैल केली, कानावर नळीखाली फोमचा छोटा तुकडा लावला, आणि त्या दिवसापासून कूस बदलल्याची वेळ लिहायच्या त्याच कागदावर कान बघितल्याची वेळही लिहायला लागल्या.