कोड नाशिकमध्ये, मशीन तेरा हजार किलोमीटरवर

गंगापूर रोडला राहणारा माझा एक मित्र रात्रीचं जेवण उरकून कामाला बसतो. कंपनी अमेरिकेतली, धंदा विम्याचा आणि मशीन आयबीएमचं एएस/४००. २००८ पासून त्याचं अधिकृत नाव ‘आयबीएम आय’ आहे, पण २१ जून १९८८ ला जाहीर झालेलं नावच लोकांच्या तोंडी बसलंय. पीसीपेक्षा मोठं, मेनफ्रेमपेक्षा लहान असं हे मधल्या आकाराचं यंत्र. गोदामं, विमा, कारखाने यांचे हिशेब ते मुकाट्याने करत असतं. त्यावरचा बराचसा कोड आरपीजी या आयबीएमच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतला.

हा कोड कोणत्या एडिटरमध्ये (कोड लिहायच्या साधनात) लिहायचा यावरून या मंडळींत कायम जुंपलेली असते. जुने म्हणतात मशीनवरच चालणारा हिरव्या पडद्याचा एसईयू, मधल्या पिढीला आपल्या संगणकावर चालणारं आयबीएमचं आरडीआय हवं, नवी पोरं मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडवर बोट ठेवतात. भांडण बहुतेक रंगांवर आणि शॉर्टकटवर चालतं. मला त्याआधी दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात: बोटं चालू असताना मजकूर असतो कुठे, आणि चूक पकडतं कोण?

समजा मशीन शिकागोत आहे. नाशिकपासून शिकागो साधारण १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी जायला ६५ मिलिसेकंद आणि तेवढेच परत यायला. प्रत्यक्षात केबल समुद्राखालून वळसे घेत जाते, मध्ये राउटर असतात, त्यामुळे वेळ आणखी वाढतो. याच मशीनवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायच्या सोयीने) शिरून व्हीआय एडिटर उघडला, तर दाबलेलं प्रत्येक अक्षर तिकडे जातं आणि तिथून परत आल्यावर पडद्यावर उमटतं. सेकंदाला पाच अक्षरं टाइप करणाऱ्या माणसाच्या हाती एका अक्षरामागे २०० मिलिसेकंद असतात. लाइन जरा कुंथली की बोटं पुढे आणि अक्षरं मागे.

एसईयूला मात्र हा त्रास होत नाही, आणि त्याचं श्रेय एसईयूचं नाहीच. ते ५२५० टर्मिनलच्या, म्हणजे या मशीनला जोडायच्या पडदा-कीबोर्डच्या, रचनेचं आहे. पडदा भरत असताना मशीनला त्याचा पत्ताच नसतो. अक्षरं टर्मिनलमध्येच साठतात. तुम्ही एंटर किंवा एखादी फंक्शन की दाबलीत की ज्या रकान्यांत बदल झालाय तेवढेच उचलून पाठवले जातात. बँकेत स्लिप बाकावर बसून भरायची आणि एकदाच खिडकीत द्यायची, तसं. पूर्वी जाड ट्विनॅक्स केबलवर सेकंदाला १० लाख बिट जायचे आणि एका केबलवर सात टर्मिनल लटकलेली असायची. त्या काटकसरीतून निघालेली ही युक्ती आज महासागर ओलांडतानाही कामी येते. हिरव्या पडद्याला नावं ठेवणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

दुसरा वारसा पंचकार्डाचा, म्हणजे ठरल्या घरांत भोकं पाडून कोड लिहायच्या कार्डाचा. आरपीजी १९५९ ची, त्यामुळे तिच्यात जागेला अर्थ होता. आरपीजी तीन या आवृत्तीत सहाव्या स्तंभातलं अक्षर ओळीचा प्रकार सांगायचं आणि क्रियेचं नाव २८ ते ३२ मध्येच बसवावं लागायचं. एक घर चुकलं की अर्थ बदलला. म्हणून एसईयूत एफ४ दाबलं की खाली रकान्यांची चौकट उघडते, आणि डावीकडच्या क्रमांकावर दोन ठिकाणी ‘सीसी’ लिहिलं की मधला सगळा गठ्ठा कॉपीसाठी धरला जातो. हात बसलेला माणूस हे माउसवाल्यापेक्षा लवकर उरकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग अडतं कुठे? भाषा पुढे गेली आणि एसईयू जागच्या जागी राहिला. २००८ च्या सहाव्या आवृत्तीनंतर त्याला नवं व्याकरण शिकवलेलंच नाही. इकडे २०१३ मध्ये चलांच्या घोषणाही मुक्त शैलीत (प्रत्येक भाग ठरल्या स्तंभात न बसवता) लिहिता येऊ लागल्या आणि २०१५ मध्ये पहिल्या ओळीवर ‘फ्री’ लिहून स्तंभांचं बंधनच तोडता आलं. मित्राच्या हाताखालच्या मुलाने त्याला विचारलं होतं, “दादा, ओळ चूक म्हणून उजळतेय, पण कंपाइल तर होतेय! हे कसं?” कारण सरळ आहे. ओळ तपासणारा एडिटर वेगळा आणि कोडाचं मशीनला चालणारं रूप करणारा कंपायलर वेगळा. कंपायलर दर आवृत्तीला शिकत गेला, तपासनीस २००८ मध्येच थांबला. मग लोक एफ१३ दाबून तपासणीच बंद करतात. म्हणजे एडिटरचा एक डोळा आपणच झाकायचा!

आरडीआय आणि व्हीएस कोड दोघेही मजकूर तुमच्या संगणकावर आणतात. टाइप करणं इथेच, जतन केलं की तिकडे. कंपाइल होताना कंपायलर चुका ‘ईव्हीएफइव्हेंट’ नावाच्या फाइलमध्ये नोंदवतो आणि एडिटर त्या वाचून नेमक्या ओळींवर खुणा करतो. एसईयूत यासाठी पडदा दुभागून कंपायलरने काढलेल्या लांबलचक लिस्टिंगमध्ये ‘*ईआरआर’ शोधत बसावं लागतं.

आरडीआय एक्लिप्स या तयार एडिटरच्या सांगाड्यावर उभं आहे, जड आहे आणि त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. पण जुना स्तंभबद्ध कोड त्याला नीट कळतो, मशीनवर कंपाइल न करताच तो पडताळून पाहता येतो, आणि एसईयूच्या डावीकडच्या आज्ञाही त्यात चालतात. हजारो ओळींचा १९९० च्या दशकातला प्रोग्राम सांभाळायचा असेल तर मी अजूनही यालाच मत देईन. व्हीएस कोड फुकट, आणि त्यावरचं ‘कोड फॉर आयबीएम आय’ हे एक्स्टेन्शन मुक्तस्रोत. मात्र त्यातल्या लिंटरची (लिहितानाच चुका दाखवणाऱ्या साधनाची) खरी ताकद पूर्ण मुक्त शैलीतल्या कोडवरच दिसते, आणि मशीनवर एसएसएच सेवा चालू असावी लागते. काही ग्राहक सुरक्षेचं कारण देऊन ती बंद ठेवतात. तिथे पुन्हा हिरवा पडदा.

मजकूर इकडे आणताना लिपीचा सांधाही बदलतो. आयबीएमचं मशीन एबसिडिक संकेत वापरतं. त्यात ‘ए’ म्हणजे १९३, तर आपल्या लॅपटॉपवर ६५. इंग्रजी अक्षरं बिनबोभाट बदलतात. पण व्हीएस कोडमध्ये ‘// जीएसटी इथे धरला’ अशी देवनागरी टीप लिहिली आणि मशीनवरची फाइल ३७ क्रमांकाच्या संकेतपटाची असली, तर अक्षरांच्या जागी नुसती बदली चिन्हं उरतात. देवनागरीसाठी एबसिडिकचा ११३७ क्रमांकाचा पट आहे, पण तो वापरात फारसा दिसत नाही. सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ संकेतातली साधी फाइल ठेवली तर टीप सुखरूप राहते.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तारीख. सोर्स फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या नोंदीत सहा अंकी क्रमांक आणि सहा अंकी तारीख असते. ११२ रुंदीच्या नोंदीत कोडाला म्हणूनच १०० जागा मिळतात. एसईयूत ओळ बदलली की तारीख आपोआप बदलते. ‘ही अट कधी घातली?’ याचं उत्तर उजव्या कडेला तयार. व्हीएस कोडमध्ये सोर्स डेट्सची सेटिंग चालू न करता मेंबर (सोर्स फाइलमधला एखादा प्रोग्राम) जतन केला तर या तारखा पुसल्या जातात. गिट (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वापरणाऱ्याचं अडत नाही. कुणी, कधी, काय बदललं हे तिथे जास्त तपशिलात मिळतं. गिट नसेल तर पहिला मेंबर उघडण्याआधी ती सेटिंग चालू करून घ्या, कारण पुसलेली तारीख बॅकअपशिवाय परत आणता येत नाही.