कौलनाम्यातली चूक

२० जुलै २००७ या तारखेचं एक पत्र आहे. उत्तर आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्यानं ते जॉन डाउनी या माणसाला लिहिलं. मजकूर थोडकाच. तुमच्या नावाचं वॉरंट नाही. उत्तर आयर्लंडमध्ये अटक, चौकशी किंवा आरोप यांसाठी तुम्ही पोलिसांना हवे नाही आहात. आणि दुसऱ्या कुठल्या पोलिस दलाला तुम्ही हवे असल्याचं इथल्या पोलिसांना ठाऊक नाही.

यातलं शेवटचं वाक्य चुकीचं होतं. लंडनचे पोलिस या माणसाच्या शोधात होते. २० जुलै १९८२ रोजी, म्हणजे पत्राच्या तारखेच्या बरोबर २५ वर्षं आधी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये घोडदळाच्या तुकडीजवळ आयआरएनं गाडीत ठेवलेला बॉम्ब फुटला होता. आयआरए म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना. ४ सैनिक आणि ७ घोडे मेले. त्याच दिवशी रीजंट्स पार्कमध्ये बँडस्टँडखालच्या दुसऱ्या बॉम्बनं सैनिकी बँडमधले ७ वादक मारले. हाइड पार्कच्या प्रकरणात डाउनी संशयित होता. त्यानं आरोप कायम नाकारला.

आपल्या जुन्या दप्तरांत अशा कागदाला कौलनामा किंवा अभयपत्र म्हणत. गाव सोडून परागंदा झालेल्या रयतेला सरकार कौल देई, की निर्धास्त परत या, जमीन कसा, तोशीस लागणार नाही. त्या कागदाची सगळी किंमत एका गोष्टीवर ठरे: देणारा तो पाळणार, असं घेणाऱ्याला वाटतं का? राज्यशास्त्रात आणि अर्थशास्त्रात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. युद्ध थांबवणं इतकं अवघड का असतं, याचं एक उत्तर त्यातून मिळतं.

२००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले थॉमस शेलिंग एक उदाहरण देत. कुणीतरी माणूस पळवून नेला आणि मग अपहरणकर्त्याला पश्चात्ताप झाला. त्याला ओलीस सोडून द्यायचा आहे. ओलीसही शपथेवर सांगतो, ‘मी पोलिसांत जाणार नाही.’ तरी सुटका होत नाही, कारण बाहेर पडल्यावर शपथ पाळायला ओलिसाला काही कारणच उरत नाही. दोघांनाही तेच हवं आहे, पण वचनाला आधार नाही. याला वचनबद्धतेची समस्या म्हणतात.

यादवी युद्धांत ती फार तीव्र असते. दोन देशांचं युद्ध संपलं की दोन्ही सैन्यं आपापल्या सीमेत परततात आणि शस्त्रं जवळच राहतात. यादवी संपते तेव्हा बंडखोरांना शस्त्रं खाली ठेवून, कालपर्यंत ज्याच्याशी लढलो त्याच सरकारच्या पोलिसठाण्यासमोरून रोज जायचं असतं. बार्बरा वॉल्टर या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी १९४० ते १९९० या काळातली युद्धं तपासली. देशादेशांतल्या युद्धांपैकी ५५ टक्के वाटाघाटींनी मिटली होती, यादवी युद्धांपैकी फक्त २० टक्के. वैर जास्त खोल असतं म्हणून हा फरक पडतो, असं आपल्याला सहज वाटतं. वॉल्टर यांचं म्हणणं वेगळं आहे. तडजोड कागदावर ठरते, पण ती पाळली जाईल याची हमी देणारा तिसरा कुणी नसला की गाडं तिथेच अडतं.

उत्तर आयर्लंडमधल्या या संघर्षात सुमारे ३० वर्षांत ३,५०० हून अधिक माणसं मारली गेली. १० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेला, शांतता करार झाला. मे महिन्यातल्या सार्वमतात तिथल्या ७१ टक्के मतदारांनी तो स्वीकारला. शिक्षा भोगत असलेल्या कैद्यांना दोन वर्षांत अटींवर सोडायचं ठरलं आणि ४०० हून अधिक कैदी सुटले. ज्यांचं माणूस या कैद्यांनी मारलं होतं, त्या घरांनी काय गिळलं असेल याची कल्पना करवत नाही. पण तो निर्णय सगळ्यांसमोर झाला होता, त्यावर मत देता आलं होतं.

यात एक गट मधल्या मधे राहून गेला. खटला चालण्याआधीच जे सीमेपलीकडे आयर्लंडच्या प्रजासत्ताकात किंवा आणखी लांब निघून गेले होते, ते ना कैदी होते ना निर्दोष. इंग्रजीत त्यांना ‘ऑन द रन्स’ म्हणत, म्हणजे फरार. ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला ते घरी, आणि ज्यांच्यावर नुसता संशय आहे ते परदेशात, अशी विसंगत स्थिती झाली. आयआरएची राजकीय बाजू असलेल्या शिन फेन पक्षानं हा प्रश्न लावून धरला. २००५ मध्ये सरकारनं त्यासाठी विधेयक आणलं. त्यात सुरक्षा दलांच्या माणसांनाही संरक्षण होतं, त्यामुळे अखेर शिन फेनही विरोधात गेला आणि २००६ च्या जानेवारीत ते मागे घ्यावं लागलं.

कायदा झाला नाही, पण दुसरी वाट २००० सालापासूनच चालू होती. शिन फेन नावं देई. ती महान्यायवादी, सरकारी अभियोग संचालक आणि पोलिस यांच्याकडून तपासून येत. माणूस हवा नसेल तर खात्याचं पत्र निघे आणि ते पक्षामार्फत त्याच्या हाती पडे. अशी पत्रं १८० हून अधिक जणांना गेली. ही माफी नव्हती. पुढे आणखी गुन्हे उजेडात आले तर नेहमीच्या पद्धतीनं कारवाई होईल, असं डाउनीच्या पत्रातही लिहिलं होतं. पत्र सांगत होतं फक्त आजची स्थिती: तुम्ही आज हवे नाही आहात.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म या ‘नाही’त आहे. दवाखान्यातल्या केसपेपरवर पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद नसते, म्हणून ‘अ‍ॅलर्जी नाही’ असं चांगला डॉक्टर लिहीत नाही. तो रुग्णाला विचारतो. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी नसली तर मात्र ती नाही असं बेलाशक म्हणता येतं, कारण वेळापत्रक पूर्ण असतं. संगणकशास्त्रात या दुसऱ्या गृहीतकाला ‘बंद जग’ म्हणतात: जे नोंदवलेलं नाही ते नाहीच. पोलिसांचं दप्तर हे कधीच बंद जग नसतं. एका दलाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत असेलच असं नाही. शिवाय जुना पुरावा नव्यानं बोलू लागतो. कागदावर पडलेल्या घामातली अमिनो आम्लं तंतूंना धरून वर्षानुवर्षं टिकतात, निनहायड्रिन लावलं की बोटाचा ठसा जांभळा उमटतो. डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत १९८४ मध्ये सापडली, म्हणजे हाइड पार्कच्या स्फोटानंतर दोन वर्षांनी. ‘पुरावा नाही’ या वाक्यावर नेहमी तारीख घालावी लागते.

डाउनीच्या बाबतीत तर नोंद होती. ब्रिटनच्या पोलिसांच्या सामाईक संगणकावर लंडन पोलिसांनी त्याच्या नावाची सूचना टाकलेली होती आणि उत्तर आयर्लंडच्या तपास पथकाला ती माहीत होती. पण हे पथक शोधत होतं ते एवढंच, की हा माणूस आपल्याकडे हवा आहे का. त्याचं उत्तर खरंच ‘नाही’ होतं. ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं, लंडनचा उल्लेख वाटेत गळला आणि पत्र लिहिताना त्यात ‘दुसऱ्या कुठल्या दलाला’ हे शब्द आले. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या, मोठ्या प्रश्नाला चिकटवलं गेलं. चूक पोलिसांच्या लवकरच ध्यानात आली, पण पत्र दुरुस्त झालं नाही.

इथे त्याच शांतता प्रक्रियेतली दुसरी गोष्ट आठवते. आयआरएनं शस्त्रं नष्ट केली, यावर नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलाँ यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग नेमला गेला. २००५ च्या सप्टेंबरमध्ये शस्त्रं निकामी झाल्याचं जाहीर झालं तेव्हा एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट असे दोन धर्मगुरू साक्षीदार होते. बंडखोरांच्या वचनाला बाहेरचा तपासनीस होता. सरकारच्या वचनाला नव्हता. पत्रांची योजना अगदीच गुप्त नव्हती, पण राजकीय अडचण नको म्हणून तिचा गाजावाजा होऊ दिला नव्हता. जे चारचौघांसमोर मांडलेलं नसतं, त्यातली चूक दाखवणारं कुणी नसतं. हाइड पार्कमध्ये मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना हे पत्र आधी दिसलं असतं, तर आक्षेप त्याच दिवशी आला असता.

मे २०१३ मध्ये गॅटविक विमानतळावर डाउनीला अटक झाली. पत्रावर भरवसा ठेवून तो त्याआधीही ब्रिटनमध्ये येऊन गेला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यायमूर्ती स्वीनी यांनी खटला थांबवला. इतक्या गंभीर गुन्ह्याचा खटला चालण्यात लोकहित आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण राज्यानं लेखी शब्द देऊन, त्या शब्दावर विसंबलेल्या माणसाला पकडून उभं करणं हा न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग ठरतो, असा निर्णय दिला. उत्तर आयर्लंडचे प्रथम मंत्री पीटर रॉबिन्सन यांनी राजीनाम्याचा इशारा दिला. पंतप्रधान कॅमेरन यांनी न्यायमूर्ती हॅलेट यांच्याकडे चौकशी सोपवली. योजना बेकायदा नव्हती, पण तिच्या अंमलात व्यवस्थेचेच दोष होते आणि डाउनीच्या प्रकरणातली चूक अतिशय गंभीर होती, असं त्यांच्या जुलै २०१४ च्या अहवालात आलं. सप्टेंबरमध्ये सरकारनं सांगून टाकलं की या पत्रांवर आता कुणी विसंबू नये.

राज्याचा शब्द न्यायालयात असा वजनदार ठरतो, हे मुंबईलाही माहीत आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्या खटल्यातला अबू सालेम पोर्तुगालकडून मिळावा म्हणून भारत सरकारनं २००२ मध्ये हमी दिली, की त्याला फाशी किंवा २५ वर्षांहून जास्त कैद होणार नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला ही हमी पाळावी लागेल असं सांगितलं. ते प्रकरण शांतता कराराचं नाही, आणि ती हमी जाणूनबुजून दिलेली होती. पण स्फोटात आपलं माणूस गमावलेल्याला दोन्हीकडे कडू घोट सारखाच घ्यावा लागतो.

हाइड पार्कमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांनी मग दिवाणी दावा लावला. फौजदारी खटला थांबला असला तरी ही वाट मोकळी होती. ज्या गाडीत बॉम्ब होता, तिच्या पार्किंगच्या तिकिटांवरचे बोटांचे ठसे तिथे पुराव्यात आले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती यिप यांनी निष्कर्ष नोंदवला, की त्या स्फोटात डाउनीचा सक्रिय सहभाग होता. त्या निकालानं कुणी तुरुंगात जाणार नव्हतं. दावा लावणारी बाई मारल्या गेलेल्या एका सैनिकाची मुलगी होती. वडील गेले त्याला तेव्हा ३७ वर्षं झाली होती.